होडीवालीची शेवटची सोळा पानं

डहाणू रोड स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पालघर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चौदात, दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. अर्जावरचं ठाणे खोडून पालघर लिहायचं आणि मग त्याच्या दोन प्रती काढायच्या. लोकांच्या सातबाऱ्यांवरून, जातीच्या दाखल्यांवरून, शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून दिवसभर मशीनचा उजेड फिरवत बसायचं. या कामाला डोकं लागत नाही. माझं डोकं मोकळं राहिलं की पुस्तकात जायचं, आणि काउंटरखाली एक पुस्तक कायम उघडं असायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, मागची बाजूपण काढा," आणि मी म्हणायचे, "हो, एवढं पान संपू दे."

पुढच्या वर्षी मी पुस्तकं वाचणाऱ्यांचा एक ग्रुप इंटरनेटवर काढला. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांपुरताच. नवरा म्हणाला, "इथे पुस्तकं वाचणारी माणसं कुठून आणणार आहेस?" पण निघाली. बोर्डीचे एक निवृत्त मास्तर आले, ते कुठल्याही पुस्तकाला दहापैकी सहाच्या वर मार्क द्यायचे नाहीत. कोसबाडची एक शिक्षिका आली. बंदराजवळ सुकट विकणाऱ्या घरातली एक सून आली, ती फक्त रहस्यकथा वाचायची आणि खुनी कोण ते अर्ध्यातच ओळखायची. बघता बघता चांगली जत्रा जमली.

तिथे लोकांनी स्वतःला घेतलेली नावं चारचौघांत उच्चारण्यासारखी नसायची. कुणी स्वतःला राजा म्हणवायचं, कुणी चक्क वाघ. म्हणून मी पद्धत पाडली की लिहिलेल्या मजकुराखाली फक्त गावाचं नाव घालायचं. मास्तर म्हणजे 'बोर्डी', शिक्षिका म्हणजे 'कोसबाड' आणि मी 'डहाणू रोड'. एकाच गावातली दोघं असली तर मोठं आणि धाकटं. ही पद्धत सगळ्यांना इतकी आवडली की पुढे आम्ही एकमेकांना खरी नावं कधी विचारलीच नाहीत. मला नंतर ते फार महागात पडलं.

पद्धत एक आणि नियम दोन. पहिला नियम असा की पुस्तकाच्या पानांचे फोटो, झेरॉक्स, फुकटच्या पीडीएफ असलं काही ग्रुपवर चालणार नाही. दुसरा असा की कुणीही कुणाला पुस्तकाचा शेवट सांगायचा नाही. पहिल्या नियमाचा मला विशेष अभिमान होता. अख्खं पुस्तक घेऊन येणाऱ्याला मी दुकानातून परत पाठवायचे, "हे मी काढत नाही" म्हणून. झेरॉक्सवाली असून मी पुस्तकाला हात लावत नाही हे सांगताना माझी मान ताठ व्हायची. राग तर माझ्या नाकावर असतोच. कुणी नियम मोडला की मी आधी पोस्ट काढून टाकायचे आणि मग बोलायचे.

'तलासरी' पहिल्यांदा कधी आली ते मला आठवत नाही. एक दिवस तिची एक ओळ दिसली. कुठल्याशा जाडजूड कौटुंबिक कादंबरीबद्दल आम्ही सगळे भारावून लिहीत होतो. नायिकेचा त्याग, तिची सोसण्याची ताकद वगैरे. खाली तिनं लिहिलं होतं, "शंभर पानं झाली. ही बाई एकदाही जेवली नाही. हिला भूक लागत नाही का? — तलासरी."

मी दुकानात एकटीच मोठ्यानं हसले. मशीनवर वाकलेलं गिऱ्हाईक दचकून माझ्याकडे बघायला लागलं.

ती असंच वाचायची. विहिरीत उतरलेल्या नायकाबद्दल विचारायची की दोर कुणी धरला होता. पावसात भिजत निघालेल्या प्रेमिकांबद्दल तिची काळजी अशी, की घरी गेल्यावर अंगावर घालायला दुसरं लुगडं होतं का ते लेखकानं सांगायला हवं होतं. ती दुपारी दोनच्या सुमाराला लिहायची, दोन-तीन ओळी, कधी जास्त नाही. मला त्या वेळेची सवय लागली. दोन वाजले की मी जेवणाचा डबा उघडायचे आणि फोन समोर ठेवायचे. तिचं वय काय, काम काय, काही माहीत नव्हतं. आवाजही कधी ऐकला नाही. तरी या ग्रुपमध्ये मी लिहायचे ते बऱ्याचदा तिच्यासाठीच असायचं, आणि तिनं काही म्हटलं नाही तर दुपार फुकट गेल्यासारखी वाटायची.

दोन हजार सोळाच्या सुरुवातीला मी माझ्या सगळ्यात लाडक्या पुस्तकाबद्दल लिहिलं. नदीवर होडी चालवणाऱ्या एका बाईची कादंबरी. नवरा होडी आणि बायको दोन्ही टाकून निघून जातो, ही वल्हं हातात घेते आणि वर्षानुवर्षं लोकांना पैलतीराला नेत राहते. ते पुस्तक पुन्हा छापलंच गेलं नाही. माझ्याकडे एक प्रत होती, रद्दीतून वाचवलेली, खाकी कव्हर घातलेली. मी पुस्तकं कुणाला देत नाही. एकदा दिलेलं पुस्तक परत आलेलं मी पाहिलेलं नाही, आणि होडीवाली तर मी नवऱ्यालाही दुकानात बसूनच वाचायला दिली होती. मी इतकं रंगवून लिहिलं की सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. मिळालं मात्र कुणालाच नाही.

तलासरीला मिळालं. तिच्या गावच्या वाचनालयात एक जुनी प्रत निघाली. मग रोज दुपारी दोनला होडीवालीची खबर यायला लागली. "आज ती बाजारात गेली. स्वतःसाठी काही घेतलं नाही." "आज पूर आला. होडी बांधली ती गाठ चुकीची सांगितलीय." मला आनंद व्हायचा आणि थोडा रागही यायचा. माझ्या पुस्तकात ही माझ्यापेक्षा जास्त बघत होती.

एके दिवशी तिची ओळ आली. "ताई, माझ्या पुस्तकात पुढचं नाही. समोरच्या काठावरून कुणीतरी हाक मारली, इथे पान संपतं. मागे नुसता पुठ्ठा आहे."

मी माझी प्रत काढून बघितली. बांधणी सुटून तिच्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, निखळून गेला होता. बरोबर सोळा पानं.

तिनं लगेच दुसरी ओळ टाकली. "पानांचे फोटो पाठवाल का? नाहीतर काय झालं ते सांगा तरी. इथे बायका वाट बघतात."

आज ही ओळ वाचते तेव्हा मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कोण बायका, कसली वाट, हे मी विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, निमित्त सांगतेय. ग्रुपवर सगळ्यांसमोर मी लिहिलं, "दोन्ही नियम एकदम मोडायला निघालात! पुस्तक मिळवून वाचा. एवढं सुख आयतं मिळत नसतं." बोर्डीच्या मास्तरांनी हसरा चेहरा टाकला. आणखी चारपाच हसरे चेहरे आले. माझ्यापासून दोन हातांवर मशीन होतं. मी त्या दिवशी त्याच मशीनवर एका माणसाच्या लाइटबिलाच्या प्रती काढल्या, आणि एक तिरकी आली म्हणून आपणहून पुन्हा काढून दिली.

आठ दिवस तलासरी गप्प होती. मग एका दुपारी तिची पोस्ट आली, आणि या वेळी ती लांबच लांब होती. वर लिहिलं होतं, "शेवट मिळाला नाही म्हणून मी केला. असा चालेल का?"

मी वाचायला लागले. हाक मारणारा तिचा नवराच असतो. मूळ पुस्तकातही तोच असतो. पुस्तकात ती त्याला अलीकडे आणते, तो रडतो, ती चूल पेटवते आणि त्याला गरम भाकरी वाढते. पंचविसाव्या वर्षी त्या भाकरीपाशी मी ढसाढसा रडले होते. तलासरीनं लिहिलं होतं की होडीवाली पलीकडे जाते, त्याला ओळखते, काही बोलत नाही. तो होडीत चढतो आणि उतारूच्या जागी बसायला लागतो. तेव्हा ती वल्हं त्याच्या हातात देते आणि म्हणते, "तिथे मी बसणार आहे."

इथवर मी वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याच क्षणी मला राग आला. का आला ते तेव्हा मी स्वतःला वेगळंच सांगितलं: नियम, मूळ लेखकाचा मान, वाचणाऱ्यांची दिशाभूल. खरं कारण एवढंच होतं की हे माझ्या पुस्तकापेक्षा चांगलं होतं, आणि ते पुस्तक मी वीस वर्षं छातीशी धरून बसले होते. समोर दोन गिऱ्हाइकं कागद घेऊन उभी होती. मी पुढचं वाचलं नाही. अंगठ्यानं पोस्ट काढून टाकली आणि तिला मेसेज केला, "शेवट लिहायला बंदी आहे, त्यात खोटा शेवट तर नकोच. गैरसमज नसावा."

तिचं उत्तर आलं, "बरं ताई."

तिच्याकडून आलेलं हे शेवटचं. संध्याकाळी शटर ओढताना मला ते पुढचं वाचायची इतकी ओढ लागली की मी पायरीवरच बसून फोन उघडला. काढलेली पोस्ट परत येत नाही हे मला, ग्रुपच्या मालकिणीला, त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी तिला लिहिलं, "तुमचा शेवट मला एकटीला पाठवाल का?" ते तिनं वाचलंच नाही. काही दिवसांनी तिचं खातंच दिसेनासं झालं.

त्यानंतरची जवळजवळ चार वर्षं मी कशी काढली हे सांगायला लाज वाटते, कारण बाहेरून काहीच घडलं नव्हतं. ग्रुप चालू होता. मास्तर सहा मार्क देत होते. पण दुपारचे दोन वाजले की माझा हात आपसूक फोनकडे जायचा. कुठलंही पुस्तक वाचताना आता तलासरी काय म्हणाली असती, हा विचार आधी यायचा. ही जेवली का? दोर कुणी धरला? मला हे प्रश्न पडायला लागले होते, आणि ते विचारायला मला तीच हवी होती.

होडीवालीचा मूळ शेवट मी पुन्हा वाचून बघितला. ती भाकरी आता घशाखाली उतरेना. होडी नदीच्या मध्यावर आहे, तो वल्हं मारतोय, ती उतारूच्या जागी बसलीय आणि पुढे काय, हे मला कळत नव्हतं. शेवट न कळता अडकून पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं, आणि तिला मी किती सहज हुसकावलं होतं तेही.

दुकानात कुणी तलासरीचा कागद घेऊन आला की मी चौकशी करायचे. "तुमच्याकडे कुणी पुस्तकं वाचणारी बाई आहे का हो?" लोक विचारात पडायचे. एक म्हातारे म्हणाले, "वाचून काय करते ती?" नवऱ्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सोळा पानांनी तुझं काय जाणार होतं?" चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

दोन हजार एकोणीसच्या शेवटी ग्रुपवर एक नवीन मुलगी आली. कॉलेजात शिकणारी, तलासरी तालुक्यातल्याच एका गावाची. तिनं पहिलीच पोस्ट टाकली ती होडीवालीवर. "वाचनालयातून आणलं. आईला वाचून दाखवलं. ती होडीत बसून भाकरी खाते तिथे आईनं मला परत तेवढंच वाचायला लावलं."

मी ती ओळ तीन वेळा वाचली. माझ्या पुस्तकात होडीत बसून कुणीही काहीही खात नाही. भाकरी चुलीपाशी आहे, आणि ती नवरा खातो.

त्या दिवशी दुपारी मी गिऱ्हाइकांना थांबवून मशीनचं झाकण उचललं. होडीवालीचं खाकी कव्हर काढलं आणि शेवटची सोळा पानं एकेक करून काचेवर पालथी घातली. आयुष्यात पुस्तकाची काढलेली माझी ती पहिली झेरॉक्स. दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली नवऱ्याकडे दिली आणि तलासरीची बस धरली.

वाचनालय म्हणजे एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि एक लांब टेबल. ग्रंथपाल पन्नाशीचे, सावकाश बोलणारे होते. मी पुस्तकाचं नाव सांगितलं तर म्हणाले, "नशीब तुमचं, कालच परत आलं. बाहेरच असतं ते. लोक वाचायला नेतात, मग कुणाला तरी वाचून दाखवतात."

पुस्तकाच्या मागे, जिथे नुसता पुठ्ठा उरला होता, तिथे वहीची रेघांची पानं जाड दोऱ्यानं शिवलेली होती. निळ्या पेनानं लिहिलेली, अक्षर गोल आणि मोठं, मुलांना पाटीवर गिरवायला देतात तसं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"अंगणवाडीच्या बाई होत्या आमच्या पाड्यावर. पोरं जेवली की दुपारी बायकांना गोष्ट सांगायच्या. पुस्तक मराठीत, त्या आमच्या बोलीत सांगायच्या. महिनाभर चाललं होतं हे होडीवालीचं. शेवटी पानंच नाहीत. बायका काय सोडतात का? रोज दारात. मग बाईंनी स्वतःच लिहून काढला शेवट."

दोन वाजता ती का लिहायची ते मला आता कळलं. वाट बघणाऱ्या बायका खरोखरच होत्या.

"त्या कुठे भेटतील?"

"काम सोडलं त्यांनी. नवऱ्याला गुजरातेत कंपनीत नोकरी लागली, तिकडेच राहतात. फोन लागत नाही, नंबर बदलला असेल." मग ते म्हणाले, "होळीला येतात गावाला. आल्या की इथे फेरी असते. हे पुस्तक काढतात, मागची पानं बघतात आणि ठेवून देतात."

"स्वतःचं लिहिलेलं वाचतात?"

"नाही हो. त्याच्या मागे कुणी काही लावलंय का ते बघतात."

माझा चेहरा बघून त्यांना वाटलं मला घाई आहे. म्हणाले, "झेरॉक्स समोरच आहे. पाहिजे तर काढून आणा आणि घरी जाऊन वाचा."

मी नको म्हटलं. फोनही पिशवीतच ठेवला. एकदा तिचं लिहिलेलं मी पुरतं न वाचता फेकलं होतं, आता बसूनच वाचायचं होतं. खिडकीजवळची खुर्ची घेतली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वल्हं त्याच्या हातात देते, तिथवर आले, आणि मग पहिल्यांदाच त्याच्या पुढे गेले.

त्याची सवय मोडलेली असते, होडी वाकडीतिकडी जाते. होडीवाली त्याला काही शिकवत नाही. ती पदराची गाठ सोडते, आत नाचणीची भाकरी आणि भाजलेलं सुकट असतं. ती सावकाश जेवते. किती सावकाश, ते तलासरीनं पूर्ण दीड पानभर लिहिलं होतं: पहिला घास, दुसरा घास, मध्येच पाण्यात हात बुडवणं, इतकी वर्षं वल्हं मारताना न दिसलेली काठावरची झाडं बघणं. तो विचारतो, "मला ठेवलंस का?" ती हात धुते आणि म्हणते, "पीठ घरात आहे. चूल कुठे आहे ते तुला माहीत आहे." मग होडी काठाला लागते.

मी हसले आणि त्याच हसण्यात रडायला लागले. ग्रंथपाल उठून पलीकडच्या कपाटाशी उगाच काहीतरी शोधत उभे राहिले.

शेवटच्या पानाच्या तळाशी वेगळ्या, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "हा शेवट मूळ पुस्तकातला नाही. मूळ शेवट मला मिळाला नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी मेहेरबानी करून इथे लावावा. — तलासरी."

मी ग्रंथपालांकडे सुई-दोरा मागितला. पिशवीतली सोळा पानं काढून तिच्या पानांच्या मागे ठेवली आणि शिवायला बसले. माझा हात शिवणात कच्चा आहे, दोनदा सुई बोटात गेली. तिचे टाके सरळ होते आणि माझे वेडेवाकडे आले. होळीला अजून दोन-अडीच महिने होते. तोवर दोरा टिकावा म्हणून मी गाठ दुहेरी मारली.

मग पेन घेतलं. मनात माफीचं एक लांबलचक पत्र तयार होतं, जवळजवळ चार वर्षं घोळवलेलं. पण वाचनालयाच्या पुस्तकावर पत्र लिहिणं मला जमेना. पहिल्या झेरॉक्स पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत मी एवढंच लिहिलं: "मूळ शेवट हा आहे. उशीर माझ्यामुळे झाला. आधीचा वाचला असेल तर हा नाही वाचला तरी चालेल."

आणि खाली आमच्या पद्धतीप्रमाणे गावाचं नाव घातलं. — डहाणू रोड.